नोटिशीतलं एक वाक्य

एकदा बाजारात वहिनीने एका अनोळखी माणसाला रस्ता सांगितला. तो निघून गेला आणि हिच्या लक्षात आलं, की डावीकडे म्हणायच्या जागी आपण उजवीकडे म्हणालो. भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबून बाई त्याच्यामागे धावत सुटली. तो बिचारा घाबरून आणखी भरभर चालायला लागला. "अहो, चुकलं माझं, थांबा!" असं ओरडत तिने त्याला पुढच्या चौकात गाठलं. मी पिशव्या सांभाळत, लोकांच्या नजरा चुकवत उभा. आपल्या दादाने कुणाशी लग्न केलंय, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

वहिनी जनावरांची डॉक्टर, आणि पशुवैद्यकाच्या एका संशोधनपत्रिकेची संपादक. खाली माझं चष्म्याचं दुकान, वर आमचं घर, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं कार्यालय. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ती गाईगुरांच्या आजारांवरचे लेख वाचते. भात करपला तर दोष शिट्टीचा.

मागच्या वर्षी तिला एका मुलीचा फोन आला. ती कोंबड्यांच्या औषधावर काम करायची, म्हणून आमच्या घरात तिचं नाव पडलं कोंबडीताई. तिचा लेख वहिनीच्या पत्रिकेत छापून आला होता आणि नंतर तिलाच कळलं, की पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांची आपल्या हातून अदलाबदल झाली. औषध दिलेल्या कोंबड्या बिनऔषधाच्या म्हणून मोजल्या गेल्या होत्या. म्हणजे सगळा निष्कर्षच उलटा. कुणी तक्रार केली नव्हती, कुणाला पत्ताही लागला नसता. तरी पोरीने स्वतःहून कळवलं आणि लेख मागे घ्यायचं ठरलं.

मला वाटायचं, मागे घेणं म्हणजे गुपचूप काढून टाकणं. "छे! मग ज्यांनी आधीच वाचलाय त्यांना कोण सांगणार?" वहिनी म्हणाली. लेख जागच्या जागी राहतो. प्रत्येक पानावर 'मागे घेतला' असे शब्द आडवे छापतात, आणि काय चुकलं, कुणाच्या लक्षात आलं, ते सांगणारी नोटीस सोबत जोडतात. जो कुणी तो लेख उघडेल त्याला आधी ते दिसतं.

कोंबडीताईने नोटिशीच्या मसुद्यात लिहिलं होतं, की त्या दिवसांत तिचे वडील दवाखान्यात होते. वहिनीने ते वाक्य काढायला लावलं. "कारण लिही, सबब नको. चिठ्ठ्या बदलल्या, एवढंच लिही. चूक तू स्वतः शोधून कळवलीस, हे मी घालते." पोरगी फोनवर मुसमुसत होती. मला वहिनीचा रागच आला. माणसाने इतकं कोरडं असू नये, असं मी बोलूनही दाखवलं.

"भाऊजी, त्या औषधावर विसंबून ज्याच्या कोंबड्या मरतील, त्याला तिच्या वडिलांचं काय?" ती म्हणाली. मला ते पटलं नव्हतं.

नंतर दुसरं प्रकरण उभं राहिलं. एका वाचकाने कळवलं, की एका मोठ्या प्राध्यापकांच्या लेखातले दोन फोटो खरं तर एकच आहेत. एक सरळ, एक फिरवून लावलेला, आणि खाली लिहिलंय की ही दोन वेगळ्या जनावरांची यकृतं. प्राध्यापक म्हणजे वहिनीचे सर. त्यांच्या हाताखाली ती शिकली, त्यांच्याच शब्दावर संपादक झाली. शिष्येने गुरूचा निवाडा करायचा नाही, तक्रार दुसऱ्या दोन संपादकांकडे सोपवून बाजूला व्हायचं, असा नियम. पण सोपवायची तिनेच होती.

सर घरी आले. दादाने खुर्ची पुसून दिली. सर म्हणजे जिभेवर साखर.

"अगं, फोटो लावताना मुलांनी घोळ घातला. दोन ओळींची दुरुस्ती छाप आणि विषय मिटव. तक्रार कशाला पुढे पाठवतेस?"

"मूळ फोटो त्या दोघांना दाखवा, सर. घोळच असेल तर ते दुरुस्तीच छापतील."

"ते आता कुठे शोधत बसू?" सर हसले. मग कप खाली ठेवला. "हे बघ, माझा एक लेख उघडला की लोक बाकीचेही उघडणार. तुझ्या पहिल्या लेखातले फोटो कुणी दिले होते, आठवतंय ना?"

दादाचा चेहरा उतरला. वहिनीची पदवी, नोकरी, संपादकपद, सगळं त्या एका लेखावर उभं होतं.

"तुम्हीच दिले होते, सर," वहिनी म्हणाली. "मग तोही बघायला हवा. बरं झालं आठवण केलीत."

सर जिना उतरले, तोवर तिने तक्रार पाठवूनही दिली होती.

"वहिनी, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस!" मी चिडलो.

"ओरडू नका. दुकानातलं मोठं भिंग आणा."

आणलं. तिच्या लेखातली पानं टेबलावर पसरली. तिसरा फोटो आणि सातवा. सातवा उलटा धरला आणि तेच डाग त्याच जागी आले. वहिनी ओट्याला टेकून रडली. मग तोंड धुतलं आणि ज्या पत्रिकेत तो लेख आला होता, तिच्या संपादकांना कळवलं.

सरांनी मूळ फोटो शेवटपर्यंत दिले नाहीत. त्यांचा लेख मागे घेतला गेला आणि नोटिशीत तसं लिहिलं गेलं. सरांना हे मान्य नाही, हेही लिहिलं. मग वहिनीची पाळी आली. तिने संपादकपदाचा राजीनामा लिहून ठेवला आणि नोटिशीचा मसुदा करायला बसली. त्यात एक वाक्य मी सुचवलं: 'त्या वेळी मी विद्यार्थिनी होते आणि सरांवर माझा पूर्ण विश्वास होता.' शब्दन् शब्द खरा. दादालाही आवडलं. तिनेही ठेवलं.

मसुदा तिने आधी कोंबडीताईला पाठवला आणि फोन स्पीकरवर लावला. "तुझ्या नोटिशीवरून लिहिलीय. कुठे अंग चोरलंय का, ते सांग."

कोंबडीताईने तिथल्या तिथे मसुदा वाचून काढला. "मॅडम, रागावणार नाही ना? ते विद्यार्थिनीचं वाक्य काढा."

मला राहवेना. "अगं, पण ते खरं आहे!"

"माझे बाबाही खरंच दवाखान्यात होते, काका."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य खोडलं. आता उरलं ते एवढंच: 'हे फोटो मी तपासले नाहीत.'

"बाबा कसे आहेत गं आता?" तिने विचारलं. हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"बरे आहेत. तुमचं नाव काढलं की अजून शिव्या देतात."

"देऊ देत," वहिनी म्हणाली आणि नोटीस त्या पत्रिकेला, राजीनामा स्वतःच्या पत्रिकेला पाठवून दिला.