हाताशी पडलेली पेंढी

भाताच्या रोवणीला बाया ओळीने वाकायच्या आणि एक गडी बांधावरून रोपांच्या पेंढ्या फेकायचा. आमच्या गावचा तो गडी देखणा होता आणि त्याला बोलता यायचं. त्याची पेंढी बरोबर हाताशी पडायची. जिच्या हाताशी पडली तिला वाटायचं, हा आपलाच. माझ्या मोठ्या बहिणीलाही तसंच वाटलं. वडशाकडचं स्थळ घरी आलं होतं आणि ती बापाला उत्तर देत नव्हती.

रोवणी संपली की शेवटच्या दिवशी बाया पेंढ्या फेकणाऱ्याला चिखल फासतात. त्या दिवशी सगळ्या त्याच्यामागे धावल्या. बहीण हातात चिखल घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या घरी मागणी घालाले कधी येशीन?"

"येतो ना," तो हसला. "पण पहिले कोणाकडे जाऊ, तूच सांग. ह्या साऱ्याजणी वाट पाहून राह्यल्या."

बाया पोट धरून हसल्या. मीही हसले. बहिणीने त्याला चिखल लावला नाही. भाताच्या बांधीतल्या पाण्यात तिने हात धुतले आणि घरी येऊन बापाला म्हणाली, "वडशाले होकार पाठवा."

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याला तो खेळ वाटायचा, एवढंच.

पुढच्या वर्षी बहिणीच्या जागी मी होते. पेंढी माझ्या हाताशी पडली. "तुयासाठी निवडून आणली," तो म्हणाला. मी ती शेजारच्या म्हातारीकडे सरकवली आणि रोवत राहिले.