तिचं तेवढं येत न्हाय

“सगळ्यांचं येतंय, तिचं तेवढं येत न्हाय.”

आक्का दुकानाची पायरी चढता चढताच हे बोलायच्या. ‘कसा हायस’ नाही की काही नाही. मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायच्या आणि मी हातातलं काम बाजूला ठेवीपर्यंत माझ्याकडे बघत राहायच्या. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. ती गप्प उभी राहिली तरी आपल्याला घाई सुटते.

शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आक्का वडगावच्या, विणकराच्या घरातल्या. आमच्या सीमाभागात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. आक्कांना ते जरा जास्तच शोभायचं, कारण घराबाहेरचे सगळे व्यवहार त्याच बघायच्या. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, एकदा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले की जेवायलाच उठायचे. बंगळूरच्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर घरी पाठवला होता. तो फोनवरून सांगत गेला आणि आक्कांनी एका बोटानं मेलचं खातं स्वतः जोडलं. याचा त्यांना फार अभिमान होता. फोन मात्र त्यांचा साधा, बटणांचा.

‘ती’ म्हणजे पुण्याची एक बाई. तिचं साड्यांचं दुकान होतं. कुणा व्यापाऱ्याकडून पत्ता मिळवून तिनं मेल केला होता. आईच्या जुन्या साडीचा फोटो जोडून विचारलं होतं, असा रुंद काठ अजून हातमागावर कुणी विणतं का? मेलमध्ये फोन नंबर नव्हता. आक्कांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. त्यानंतर पुण्याहून काही म्हणजे काही आलं नाही.

एरवी आक्कांनी हे सोडून दिलं असतं. पण मुलानं ठरवलं होतं, दिवाळी झाली की हातमाग काढायचा आणि त्या जागी पावरलूम बसवायचा. सुतारालाही सांगून ठेवलं होतं. मालक हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. रोज सकाळी माग पुसत होते, एवढंच.

मी आपला येणाऱ्या मेलचा दोष शोधत बसलो. नको असलेल्या मेलचा कप्पा बघायला सांगितलं, पासवर्ड पुन्हा टाकायला सांगितलं. आक्का घरी जायच्या, करून बघायच्या, परत यायच्या. “विमावाल्याचं येतंय, लॉटरीवाल्याचं येतंय. तिचं तेवढं येत न्हाय.”

शेवटी मीच वडगावला गेलो. आक्कांनी लुगड्याच्या पदरानं आधी हात पुसला, मग माउस पुसला, मग मला खुर्ची दिली. आत मागाचा खटक-खटक आवाज चालला होता. मी सहज विचारलं, “आक्का, तुम्ही उत्तर पाठवता तेव्हा पडद्यावर काही येतं का?”

“येतंय की. एक चौकट येतीया. मी ती बंद करतो.”

“त्यात काय लिहिलेलं असतं?”

“इंग्लिश असतंय रं. वाचत कोण बसतंय?”

मी कपाळाला हात लावला. आलेलं टपाल आणणारा एक सर्व्हर असतो, आपलं टपाल नेणारा दुसरा. आक्कांनी पहिल्याची माहिती नीट भरली होती. दुसऱ्याला ना पासवर्ड दिला होता, ना पोर्टचा आकडा बरोबर होता. मी समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजे आत येताना पण विचारत्यात आणि भायेर जाताना पण? आमच्या सासूचं असंच हुतं.”

मी आकडा बदलला, पासवर्ड घातला, तिथल्या रकान्यात बरोबरची खूण केली. आणि कोपऱ्यातला आउटबॉक्स आपोआप रिकामा व्हायला लागला.

“हे काय जातंय?” आक्कांनी विचारलं.

“तुमची उत्तरं. इतके दिवस इथंच अडकली होती. सगळी चाललीत पुण्याला.”

“सगळी?”

मी त्या पत्रांच्या विषयांवरून नजर फिरवली. पहिलं ‘स. न. वि. वि.’ असं होतं. मधलं एक, ‘आमचं पत्र मिळालं असेलच’. मग, ‘उत्तर द्यायचं नव्हतं तर विचारलं कशाला?’ आणि अगदी खाली, ‘माणुसकी’.

“थांबीव! थांबीव रं ते!” आक्का उठल्या आणि त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. पडदा काळा झाला. पण तोवर यादीत काही उरलं नव्हतं.

आतला माग थांबला. “काय झालं गं?” मालकांनी विचारलं.

“कायबी न्हाय. तुमी बसा.”

आक्का खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. “शेवटच्यात लई बोललोय मी तिला,” त्या हळूच म्हणाल्या. “आमचा माग मोडतोय, तुमचं दुकान सुखात चालू दे, असं लिवलंय. तिची काय चूक हुती, सांग.” तरी मला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आक्कांनी ते एकटीनं उघडलं नाही, मला बोलावून घेतलं. मी मोठ्यानं वाचलं.

‘आज तुमची सगळी पत्रं एकदम मिळाली. एका बैठकीत वाचली. माझी आईही अशीच होती. आधी नमस्कार, मग राग, आणि शेवटी तुमचं सुखात चालू दे. कृपा करून माग मोडू नका. आधी एक साडी विणून द्या. ती जमली तर पुढचं बोलू.’

आक्कांनी तोंडाला पदर लावला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, “ऐकलं काय हो? माग मोडायचा न्हाय म्हणत्यात, पुण्यास्नं!”

आतून मालकांचा आवाज आला, “मी कवा मोडत हुतो?”

दिवाळी झाली, सुतार आला नाही. आणि आक्काही दुकानात यायच्या बंद झाल्या. आमच्या धंद्यात हे असंच असतं, काम नीट झालं की माणूस दिसत नाही. संध्याकाळी पायरीवर कुणाचं पाऊल वाजलं की मी उगीचच मान वर करायचो.

एका सकाळी आक्कांचा फोन आला. “गाडी हाय न्हवं तुझी? मला स्टँडवर सोड.”

साडी तयार झाली होती. कुरिअरनं पाठवायला आक्का तयार नव्हत्या. “मधल्या माणसाचा भरवसा न्हाय,” म्हणाल्या. “आणि तिला एकदा तोंड दावायला पायजे. एवढं बोललोय.”

पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं कन्नडमध्ये सांगितलं, गठुडं वर ठेवा. आक्कांनीही त्याला कन्नडमध्येच काहीतरी सुनावलं. आसपासची माणसं हसली, कंडक्टरही हसला आणि पुढे गेला.

गाडी सुटली तशी मी खालून हात हलवला. आक्कांचे दोन्ही हात मांडीवरच्या साडीवर होते. त्यांनी नुसती मान हलवली.