अर्धी राहिलेली मेथी

रविवार, सकाळ. हजर: मी, हे, सासूबाई आणि मेथी निवडू लागलेली शेजारची सुमन.

निवडता निवडता सुमनचा हात थांबला. "वहिनी, हल्ली घरात कुणी बोलतच नाही माझ्याशी."

मी उठून चहा टाकला. दुःख समोर आलं की आपण कामाला लागतो. जवळ बसून ऐकायचं कसं, ते कुणी शिकवत नाही. मला ते शिकायचंय.

ती गेल्यावर मी पुन्हा समुपदेशनाच्या एम.ए.चं काढलं. ते पुण्यातच आहे.

"इथल्या कॉलेजात समाजशास्त्र कर की," हे म्हणाले.

"चप्पल मिळाली नाही म्हणून टोपी घ्यायची का रे?" सासूबाईंनी विचारलं.

हे हसले. मी सुमनची अर्धी जुडी पुढे ओढली.

पुण्याला न्यायची बॅग माळ्यावरून उतरवायची राहिली आहे.