गोदीपेक्षा मोठं जहाज

"होऊन जाते."

हे म्हणताना तो उजव्या हाताचा पंजा हवेत आडवा फिरवायचा, समोरची अडचण ओल्या फडक्यानं पुसून टाकावी तसा. ट्रॉलीचा हूक तुटलाय, होऊन जाते. शाळेच्या गॅदरिंगला लोखंडी कमान उद्या सकाळी हवी, होऊन जाते. माझ्या खिडकीची जाळी दिवाळीला 'होऊन जाते' होती, ती होळीला झाली. पण झाली, हेही सांगायला हवं.

तुम्ही दोघं नातवंडं त्याला ट्रॉलीवाले काका म्हणायचात. काका म्हटल्यावर खरं तर 'ते' लिहायला हवं, पण माझ्यापेक्षा बराच लहान, म्हणून 'तो'च लिहिते. राजापेठेत आपल्या समोरच्या घरात राहायचा. वलगाव रस्त्याला त्याची शेड होती. तिथे तो आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवायचे. गिऱ्हाइकांशी बोलणं थोरल्याचं, वेल्डिंग धाकट्याचं.

जाळी बसवायला आला तेव्हा तुम्ही होळीच्या सुट्टीला आला होतात आणि माझ्या लॅपटॉपवर आरमाराचा तो खेळ खेळत होतात. आपला एक देश, आपली गोदी, जुन्या काळातली वाफेवरची लढाऊ जहाजं. ड्रिल हातात धरून तो तुमच्या मागे उभाच राहिला. तुम्ही परत गेलात, खेळ राहिला आणि रविवारची जेवणं झाली की तो येऊ लागला. इंग्रजी वाचायला मी, माऊस त्याच्या हाती.

पहिल्याच रविवारी त्यानं एक अजस्र जहाज आखलं. जितक्या तोफा मावतील तितक्या, त्यावर जाड पोलादी कवच. बटण दाबलं तर पडद्यावर एक ओळ आली.

"काय म्हनते, काकू?"

मी सांगितलं, तुझी गोदी लहान आहे, इतक्या वजनाचं जहाज तिथे बांधता येणार नाही, असं म्हणतंय. आधी गोदी वाढव. त्याला वर्षभर लागेल, तोवर लहान जहाजं बांध. त्यानं दोन तोफा कमी केल्या. तरी नाही. कवच पातळ केलं. तरी नाही. मग तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"हे तं तोंडावर नाही म्हनते!"

त्याला सर्वांत आवडला तो खेळातला तह. मध्येच सगळे देश एकत्र बसतात आणि ठरवतात की अमुक वजनापेक्षा मोठं लढाऊ जहाज कोणीच बांधायचं नाही. तुम्ही असा तह झाला की वैतागायचात. तो मात्र खुर्चीत रेलून बसायचा. म्हणाला, "हे बरं झालं, काकू. आता कोनाले नाही म्हनाचं कामच नाही उरलं." मला तेव्हा त्याची गंमत वाटली. दारी आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या घरात अपमान समजत. वडिलांनी कधी म्हटलं नव्हतं, यानंही नाही.

त्याची बायको मला अधूनमधून चहाला बोलवायची. अशीच एकदा बसले असताना अकोल्याचे एक डाळमिलवाले आले. त्यांना धान्य साठवायची लोखंडी कोठी हवी होती, भली मोठी, आणि ती अखंड. दोन तुकडे करून अकोल्याला जोडलेली चालणार नव्हती. शिवाय तुरीचा माल यायच्या आत हवी होती.

धाकटा दारात उभा होता. तो पाहुण्यांसमोरच बोलला. "शेडमधी नाही मावत हे. दरवाजातूनच निघनार नाही. नाही म्हन त्यायले."

थोरल्यानं पाहुण्यांच्या कपाकडे पाहिलं, बशीत अजून थोडा चिवडा वाढला आणि हवेत पंजा फिरवला. तुम्हीही तिथे असता तर ते दोन शब्द तुम्हाला आधीच ऐकू आले असते.

कोठी शेडबाहेर, उघड्या मोकळ्या जागेत बनवायला घेतली. आडवी ठेवलेली, दोन्ही बाजूंना लाकडाचे ओंडके लावलेले. आपल्याकडे दुपारी कसा वारा सुटतो ते तुम्ही पाहिलंय. आत ती पोकळ, वरून रुंद. वाऱ्याच्या एका झोताबरोबर ओंडका सटकला आणि कोठी कलंडली. धाकटा पत्र्याची खालची शिवण वेल्ड करत बसला होता. त्याचा पाय कोठीखाली सापडला.

पाय वाचला, पण गुडघा वाकेनासा झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं थोरल्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवी नाही. थोरला रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचा आणि धाकटा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डाळमिलवाल्यांनी कोठी दुसरीकडून करून घेतली. दोन तुकड्यांत, असं ऐकलं.

रविवारी थोरला येत राहिला, पण लढाई करेनासा झाला. गोदीत मावणार नाही असं जहाज आखायचा, बटण दाबायचा आणि ती ओळ पाहत बसायचा. इंग्रजी येत नसलं तरी ती ओळ त्याला आता ओळखू येत होती. एकदा फार हळू म्हणाला, "याले म्हनता येते, काकू. मले काहून येत नाही?" आयुष्यभर मुलांना शिकवलेली मी उठले आणि चहा केला.

पुढे त्यानं शेडच्या किल्ल्या धाकट्याच्या बायकोच्या हाती दिल्या आणि अकोल्याला एका मोठ्या कारखान्यात पत्रा कापायच्या कामाला लागला. तिथे गिऱ्हाइकाशी बोलायला वेगळा माणूस आहे, एवढंच जाताना सांगितलं. बायकोही सोबत गेली. समोरच्या दाराला कुलूप आहे.

गेल्या आठवड्यात धाकटा काठी टेकत माझ्याकडे आला. न वाकणारा पाय लांब करून खुर्चीत बसला आणि म्हणाला, तो रविवारी इथं येऊन काय पाहे, ते दाखवा. मी खेळ उघडला, सगळं समजावून सांगितलं. गोदी, वजन, ती ओळ. त्यानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाला,

"फोन लावा त्याले. मी बोलनार नाही. तुमी म्हना, तिथं कोनाच्याबी भिडेत पडू नको."

मी फोन लावला आणि धाकट्याला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून पत्रा कापायच्या यंत्राची घरघर येत होती. मी निरोप सांगितला, शब्दाला शब्द, धाकट्याच्याच बोलीत.

"कोन म्हनून राहिलं हे, काकू?"

धाकट्यानं माझ्याकडे पाहून मानेनंच 'नको' म्हटलं.

"मीच म्हणतेय," मी म्हटलं.

पलीकडचं यंत्र बंद झालं. मग तो म्हणाला, "त्याले म्हना, त्या खुर्चीवरून पाय लटकत ठेवू नको. खाली स्टूल घे."

धाकट्यानं खाली पाहिलं. मी आतून स्टूल आणून दिलं.