वन्संच्या पाटल्या

जानेवारी १९८६, पहिला शनिवार. रक्कम दीडशे रुपये. हजर तिघे: मुंबईचे एक त्वचेचे डॉक्टर, आमच्या एकलहऱ्याच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाई आणि मी.

बाईंची एक सवय पाहून तुम्हालाही हसू आलं असतं. टाइप करता करता त्या थांबायच्या, दोन्ही गालांवर दोन-दोन बोटं टेकवून कातडी कानांकडे ओढायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, आता किती वर्षांची दिसते? आकडा सांगा."

"एक्कावन्न."

"तुम्ही सर्व्हिस बुक पाहून सांगता. तोंड पाहून सांगा की!"

द्वारका चौकाजवळ आमची घरं समोरासमोर होती. बाईंचं लग्न झालं नव्हतं. घरी त्या आणि म्हातारी आई. आईला विसर पडू लागला होता. तिच्या लेखी बेबी, म्हणजे बाई, अजून कॉलेजात जात होती. आणि वयाबरोबर बाईंचा चेहरा थेट त्यांच्या आत्याच्या वळणावर गेला होता. नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या त्याच दोन खोल रेघा. या आत्यानं आईच्या पाटल्या एका लग्नात घालायला नेल्या, त्या परत दिल्याच नाहीत. आत्या जाऊन बारा वर्षं झाली होती.

"वन्सं, परत आलात? आधी माझ्या पाटल्या द्या!" बाई ताट घेऊन आल्या की आई तोंड फिरवायची. त्यांच्या हातचा घास घ्यायची नाही. मग स्वयंपाक बाई करायच्या, भरवायची माझी बायको, आणि बाई दाराआड उभ्या राहायच्या.

"आमची बेबी अश्शीच आमटी करते हो," आई माझ्या बायकोला सांगायची.

म्हणून आम्ही मुंबईला गेलो. रेघा भरायला डॉक्टरांकडे दोन प्रकारची इंजेक्शनं होती. एक सिलिकॉनचं: खर्च साडेतीन हजार, त्याच दिवशी काम, कायमचं, पण पुढे गाठी झाल्या तर निघणं कठीण. दुसरं कोलॅजनचं, गाईच्या कातड्यापासून केलेलं: चार हजार, सहाएक महिन्यांत जिरणारं. त्याआधी अंगाला सोसतं का ते पाहायला दंडावर थेंबभर टोचून चार आठवडे वाट पाहायची.

"गाईचं आहे हे आईला नाही सांगायचं," बाई म्हणाल्या. मग हळूच, "पण भाऊ, ते पहिलं आजच होईल म्हणतात."

मी कागदावर दोन रकाने आखले. खर्च, टिकण्याचे महिने, धोका. कोलॅजन सरस ठरलं. "चार आठवडे थांबायला काय जातंय?" मी म्हणालो. हे वाक्य माझं आहे, डॉक्टरांचं नाही.

बाईंनी ऐकलं. चाचणीचे दीडशे भरले.

दुसऱ्या आठवड्यात आई माझ्या बायकोच्या हातूनही खाईना. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाई सराफ बाजारातून गिलिटाच्या दोन पाटल्या घेऊन आल्या. डोक्यावर पदर घेतला, ताट घेऊन आईसमोर बसल्या. आम्ही दोघं दारात होतो.

"घ्या वहिनी, तुमच्या पाटल्या. फार उशीर झाला."

आईनं त्या फिरवून पाहिल्या, हातात चढवल्या आणि तोंड उघडलं. सहा घास खाल्ले, मी मोजले. मग बाईंचा हात धरून म्हणाली, "वन्सं, झालं गेलं सोडून द्या. माझं काही खरं नाही. आमच्या बेबीकडे लक्ष ठेवाल ना?"

"ठेवीन, वहिनी," बाई म्हणाल्या.

बाविसाव्या दिवशी आई गेली. बाईंच्या दंडावर पुरळ नव्हती, लालीही नव्हती. चाचणी त्या पास झाल्या असत्या.

त्यानंतर बाईंनी गाल ओढलेले मी पाहिले नाहीत. आकडाही विचारला नाही. जूनमध्ये त्यांनी बदली मागून घेतली. बसमध्ये चढताना त्यांच्या हातात त्याच पाटल्या होत्या. गिलिट कडेला उडू लागलं होतं.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. आई किती दिवसांची सोबती, हा रकाना मी आखलाच नव्हता. शेवटी दिले ते एवढेच: मुंबईच्या डॉक्टरांना दीडशे रुपये आणि पाटल्यांच्या दुकानदाराला बेचाळीस.