सोलो अल्बममधला दुसरा आवाज

या सदरात कधी मी लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचते, पण चहाबरोबर टाइमपास म्हणून. आणि 'मला आवाज ऐकू आला' असं लिहिणाऱ्यांचा तर मला विशेष राग... कारण आवाज हा माझा धंदा आहे. मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. खोलीत कुजबुज ऐकू येते म्हणून घाबरलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत, आणि दर वेळी कारण सापडलंय. पंखा, खराब केबल, शेजाऱ्यांचा मिक्सर. भूतबित काही नसतं हो, असं मी सगळ्यांना सांगायचे. तेव्हा आता हसायची पाळी तुमची.

इराताईंचं नाव मी बदललंय. स्वतः गाणी लिहिणाऱ्या, स्वतः चाली लावणाऱ्या, गिटार घेऊन गाणाऱ्या बाई. बँडबरोबर अर्धं आयुष्य गेलं, नाव झालं, सगळं झालं. गेल्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. स्वरयंत्रावर गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आवाज परत येईल, पण कोणता येईल ते सांगता येत नाही.

"त्याआधी मला एकटीचा अल्बम करायचाय," त्या म्हणाल्या. "फक्त मी आणि गिटार. कोरस नाही, तबला नाही, दुसरा एकही आवाज नको. हा आवाज मला ठेवून जायचाय."

मुंबईतल्या स्टुडिओत त्यांना कोणी ओळखीचं भेटायला नको होतं. मी म्हटलं, चला कोकणात, मिठबावला, माझ्या मामाकडे. मामाची हापूसची बाग आहे. घरामागे आंबे पिकत घालायची खोली आहे, जाड चिऱ्याच्या भिंती, आणि जानेवारीत ती नुसती भाताच्या पेंढ्याने भरलेली असते. आंबा यायला अवकाश असतो. पेंढा आवाज असा शोषून घेतो की लाखो रुपये खर्चून केलेल्या स्टुडिओने लाजावं. मी पेंढा चारी भिंतींना रचला, मधे माइक उभा केला. खूश होते मी स्वतःवर!

मामा नारळ घेऊन दारात उभा. "पयलो नारळ ठेवया. मगे तुझी ती यंत्रा लाय."

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना जागेच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणी आम्ही पोरं मुद्दाम बेंबीच्या देठापासून ओरडायचो. पण त्या दिवशी मी हेडफोन लावून लेव्हल बघत बसले होते, मामी चुलीपाशी होती, आणि इराताई पुण्याच्या. त्या बिचाऱ्या हात जोडून गप्प उभ्या.

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या जाग्येचो तू धनी. आज हय एक बाय गाणा करूक इली हा. तिच्या गळ्याक जी काय इडापिडा आसात ती दूर कर, आणि तिचो आवाज तिका रवांदे रे म्हाराजा..."

तिचा आवाज तिच्यापाशी राहू दे, एवढं मागून मामा थांबला. कोणीच काही म्हणेना. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हातानेच खूण केली, चालू दे तुझं, आटप. त्याने नारळ ठेवला आणि गेला.

आम्ही दुपारी रेकॉर्ड करायचो. सकाळी कावळे आणि होड्यांची इंजिनं, संध्याकाळी देवळातला लाउडस्पीकर. जेवणं झाल्यावर मात्र गाव असं निजतं की पान पडलं तरी कळावं. पहिलंच गाणं त्यांनी ऑपरेशन ठरल्यावर लिहिलेलं होतं. त्यात त्या परत परत एकच विचारतात, 'उद्या मला ओळखशील का?' आणि मग थोडी शांतता, फक्त गिटारची एक तार. काय गायल्या हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी कामात रडणारी बाई नाही.

ऐकायला म्हणून तो टेक, म्हणजे नुकतंच केलेलं रेकॉर्डिंग, परत लावला. 'उद्या मला ओळखशील का?' तार वाजली. आणि त्या शांततेत, माइकच्या अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं —

"व्हय."

घोगरा, जड आवाज. बाईचा की पुरुषाचा, कळेना. इराताईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. "तू बोललीस?" त्यांनी विचारलं. मी स्टुडिओतल्यासारखी काचेपलीकडे नव्हते, त्याच खोलीत होते. गाताना आम्हा दोघींनाही काही ऐकू आलं नव्हतं.

मी धंद्याला जागले. केबल बदलल्या. दोघींचे फोन घरात नेऊन ठेवले. मच्छीमारांच्या होड्यांवर वायरलेस असतो, त्याचं बोलणं कधीकधी माइकच्या वायरीत शिरतं, म्हणून ती वायरही बदलली. दुसरा माइक लावला. दुसरं गाणं घेतलं. ओळ संपली की त्या मोकळ्या जागेत तोच आवाज... "व्हय." दर टेकला. आणि दर वेळी अगदी तोंड माइकला लावून बोलल्यासारखा जवळून. त्या जागी तर इराताईच उभ्या होत्या.

दुसऱ्या दुपारी त्यांचा गळाच लागेना. वरचा सूर घ्यायला गेल्या की आवाज फाटायचा. "माझ्या तोंडाशी कोणीतरी आहे गं," त्या म्हणाल्या आणि मटकन पेंढ्यावर बसल्या. "मला हा आवाज ठेवायचा होता. आता तेही होणार नाही." भीती वाटत होती, हे आज कबूल करते. त्यांनी बॅग भरायला घेतली.

मामी ताक घेऊन आली. मी रागारागात सगळं ओकले. मामी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गो बाय, मामान गाऱ्हाणा घातल्यान, तेका 'व्हय' कोणी म्हटल्यान?"

"कोणी नाही."

"मगे?" मामी माझ्यावर उखडलीच. "मागणा घालून कोणी तसाच सोडता काय? व्हय म्हणणारा माणूस नको? तुमी म्हणूक नाय, म्हणान दुसरा कोणतरी म्हणता. गाढवासारखी शिकलंस!"

मी वाद घालणार होते. पण इराताई उठल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवा काय म्हणायचं ते."

भर दुपारी परत नारळ आणला. मामाने तेच मागणं मागितलं, तसंच, शब्दाला शब्द. "तिचो आवाज तिका रवांदे रे म्हाराजा..." आणि आम्ही तिघी, मी, मामी आणि इराताई, म्हणालो, "व्हय म्हाराजा!" इराताईंचा आवाज सगळ्यांत मोठा. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी.

त्यानंतर एकाही टेकमध्ये काही आलं नाही. एकाही! वरचे सूर असे लागले की दारात बसलेला मामा विडी ओढायची विसरला. पहिलं गाणंही परत घेतलं, स्वच्छ आलं. जाताना मामाने पेटीभर काजू दिले, इराताई त्याच्या पाया पडल्या. मी गाडीत बसल्यावर म्हटलं, वायरलेसच असणार. मोठ्याने म्हटलं, म्हणजे मला पटेल.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण पुष्कळ दिवस बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मिक्सिंग करत होते, त्या मेसेज करायच्या. मग एकदा त्या स्वतःच स्टुडिओत आल्या. बारीक झाल्या होत्या. खुर्चीत बसल्या. बोलायची परवानगी मिळालीय हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी मान हलवून उत्तर देता येईल अशा बेताने विचारलं, "चहा सांगू का?"

त्या हसल्या. मिठबावची आठवण म्हणून असेल, थट्टेने असेल —

"व्हय," म्हणाल्या.

माझ्या हातातला फोन खाली पडला. घोगरा. जड. बाईचा की पुरुषाचा, कळू नये असा.

मी जुना टेक काढला. तो मी पुसला नव्हता, का ते माहीत नाही. लावला. त्यांचा तो जानेवारीतला, निखळ, वर जाणारा आवाज... 'उद्या मला ओळखशील का?' तार वाजली. "व्हय."

इराताई परत लाव म्हणाल्या. परत लावला. मग त्या नव्या आवाजात, अडखळत, म्हणाल्या, "मी रोज घाबरून उठते गं. आरशासमोर बोलून बघते, ही कोण म्हणून. आणि हिने तर मला आधीच ओळखलंय." मग डोळे पुसून म्हणाल्या, "स्वच्छ टेक काढून टाक. हाच ठेव."

दोन आवाज मी मशीनवर शेजारी शेजारी ठेवून बघितलेत. माझ्याच क्षेत्रातल्या मित्रांना, काही न सांगता, ऐकवलेत. सगळे म्हणतात, एकच बाई आहे. जानेवारीत त्या बाईचा तो आवाज अस्तित्वातच नव्हता, हे मी त्यांना सांगत नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा, मात्र वायरलेस म्हणू नका, ते मी म्हणून झालंय.

अल्बम आला. लोक विचारतात, पहिल्या गाण्यात ते 'व्हय' कोण म्हणतं, त्याचं नाव का नाही दिलं? कव्हरवर एकच नाव आहे, इराताईंचं. ते चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही.