झोपायच्या खोलीत काय असतं?

मंगळवार, २० जानेवारी. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. हैदराबादेत नारायणगुड्यातल्या ज्या झेरॉक्सच्या दुकानात मी कामाला आहे, तिथे एका लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या तिसऱ्यांदा तपासत होतो, तेवढ्यात शाळेतून फोन आला... "मंजूच्या घरून कुणीतरी लगेच या."

मंजू माझी धाकटी बहीण, पाचवीत आहे. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत होतो, तिथेच माझी शाळा संपली. शाळेचं बोलावणं म्हटलं की अजून भीती वाटते... त्यात दोन महिन्यांची फी थकलेली.

शाळेच्या गेटवरच्या चाचांनी माझा चेहरा पाहिला. "डरो नक्को मियाँ, मॅडम खाते नईं!"

बाकावर बसलेली मंजू कुजबुजली, "दादा, आपल्या घराचं काही सांगायचं नाही हं. शप्पथ घे." मी घेतली... कशासाठी ते कळलं नाही.

वर्गाच्या बाईंनी फीचं नाव काढलं नाही. सहामाहीचा पेपर पुढे ठेवला. "हिला प्रश्न वाचून समजतच नाहीत. असंच राहिलं तर पुन्हा पाचवीत बसवावं लागेल."

प्रश्न होता, झोपायच्या खोलीत कोणत्या वस्तू असतात? मंजूने सुरेख अक्षरात लिहिलं होतं : शेगडी, सायकल, पाण्याचा ड्रम, बाबा. त्यावर लाल फुली. खाली घरातल्या खोल्यांची नावं विचारली होती... तिथे कोरं.

बोललो तर शपथ मोडते, गप्प बसलो तर तिचं वर्ष जातं. आणि आमच्यासारख्या घरात एकदा मागे राहिलेल्या पोरीला पुढे कोण शिकवतं...

"बाई, उत्तर बरोबर आहे," मी कसाबसा म्हणालो. "आमची एकच खोली आहे, गौलीगुड्यात. बाबा रात्रपाळीचे वॉचमन आहेत, दिवसा तिथेच झोपतात."

मंजूची मान खाली गेली ती वर येईना. बाईंनी तिचं उत्तर पुन्हा वाचलं... मग फुली खोडून मार्क दिले.

"अभ्यास कुठे करतेस गं?"

"सायकलच्या मागे."

"उद्यापासून शाळा सुटल्यावर मी सहापर्यंत वर्ग उघडा ठेवते," बाई म्हणाल्या. "ज्याला बसायचं त्याने बसावं. कारण विचारणार नाही."

संध्याकाळी घरी नेताना बसमध्ये मंजू माझ्याशी बोलली नाही. बिस्किटं दिली, तीही परत केली. "खोटारडा!" एवढंच.

दुसऱ्या दिवशी सहाला गेटवर उभा होतो. ही एकटीच बसली असेल, पोरं हसली असतील... मंजू धावत आली, काल माझ्यावर चिडलेली तीच.

"दादा, उद्या शाळा सुटल्यावर डबा पटकन संपवायला हवा! खिडकीजवळ जागाच मिळाली नाही. वर्ग भरला होता."

भीती गेलेली नाही. अजून किती पोरांच्या खऱ्या उत्तरांवर लाल फुल्या असतील, कोण जाणे... पण बाईंनी वर्गाला कुलूप लावलं नाही, त्याचे उपकार विसरणार नाही.

खर्च : बसचे बारा रुपये, बिस्किटांचे दहा, अर्ध्या दिवसाचा कापलेला पगार सत्तर. देणं : दोन महिन्यांची फी, आणि शपथ मोडली म्हणून मंजूला एक प्लेट मिरचीभजी.